शंभरापैकी अकरा

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर या खोलीतल्या एकाही माणसाचा विश्वास बसणार नाही," ओव्हरसियर उभा राहून म्हणाला, आणि दुरुस्ती समितीच्या नऊच्या नऊ सभासदांनी माना डोलावल्या. विश्वास तर त्यांचा आधीच उडालेला होता.

कारणही तसंच होतं. आठच दिवसांपूर्वी याच माणसानं टेकाडाखालच्या शाळेला शंभरापैकी अकरा गुण देऊन खाली झोकदार सही ठोकली होती. आज तोच म्हणत होता, अकरा नाही, सत्त्याण्णव द्या. मधल्या आठ दिवसांत गावात ना भूकंप झाला होता, ना शाळेवर वीज पडली होती. त्यातून त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सारं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्या ओव्हरसियरच्या सख्ख्या सासूबाई. ही शेवटची माहिती सभेपुढे ठेवताना नगरपालिकेच्या हेडक्लार्कनं घसा इतका अर्थपूर्ण खाकरला की दारातला पट्टेवाला पाण्याचा पेला घेऊन धावला.

ओव्हरसियरला गावात कुणी ओव्हरसियर म्हणत नसे. त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की कललेली हे बघायचा तो दोरीला बांधलेला पितळी लोळा त्याच्या खिशात कायम असायचा, आणि माणूसही तसाच, उंच, किडकिडीत, कुठे उभा राहिला की अगदी सरळ लोंबल्यासारखा. लग्न ठरवायला पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यानं दाराच्या चौकटीला ओळंबा लावला आणि चौकट डावीकडे दोन सूत कललीय म्हणून सांगून टाकलं. होणाऱ्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून चौकट सरळ करून घेतली, ओळंब्याला परत बोलावून ती तपासायला लावली, आणि मगच लग्नाला होकार दिला.

तर गुणांची भानगड अशी. गावातल्या सरकारी इमारती सगळ्या एकाच वयाच्या, आणि सगळ्या एकदमच म्हाताऱ्या झालेल्या. दुरुस्तीला पैसा मिळाला तो एकाच इमारतीपुरता. पुढचा पैसा सात वर्षांनी. भांडणं नकोत म्हणून समितीच्या अध्यक्षांनी तक्ता काढला. भेगांना तीस गुण, गळतीला तीस, कललेल्या भिंतींना वीस आणि जिने, जमिनी, दारं-खिडक्या मिळून वीस. जी इमारत सर्वांत मोडकी, तिचा पहिला नंबर. गुण द्यायचे ओळंब्यानं.

तक्ता भिंतीवर लागला मात्र, गावात मोडकं दिसायची शर्यत सुरू झाली. वाचनालयाच्या ग्रंथपालानं छताखालचे टेकू काढून घरी नेले आणि त्यांचा मांडव घातला. अग्निशमन केंद्राच्या जवानांनी शेडचं दार बिजागरीतून निखळवलं. ते बंबावर पडलं, बंब मागे सरकून मागच्या भिंतीतून बाहेर गेला, आणि एका दुपारीत त्यांना चौदा गुण वाढले. नगरपालिकेच्या स्वतःच्या इमारतीत हेडक्लार्क ऑफिस सुटल्यावर हातोडी घेऊन मागे थांबायचा. विचारलं तर म्हणायचा, भेगा होत्याच, मी फक्त त्यांना मोकळं केलं. तपासणीच्या दिवशी छताचा एक पोपडा नेमका अध्यक्षांच्या चहात पडला. हेडक्लार्कनं तो अध्यक्षांच्या आधी उचलून ओळंब्याला दाखवला. नगरपालिकेला ब्याऐंशी गुण पडले.

आणि शाळेला अकरा.

यात ओळंब्याची चूक नव्हती, आणि म्हटलं तर शाळेचीही नव्हती. शाळेला तपासणी हा शब्द फार वर्षांपासून ठाऊक होता. मोठ्या बाई चाळीस वर्षं त्या शाळेत होत्या, आणि चाळीस वर्षं तपासणीचा एकच अर्थ होता: साहेब येणार, काही मोडकं दिसता कामा नये. तपासणीचं पत्र आलं की शाळेचा शिपाई, ज्याला मुलं आणि मास्तर सगळेच मामा म्हणत, न सांगता चुना भिजत घालायचा. मुलं न सांगता नखं कापून यायची. या वेळच्या पत्रात 'दुरुस्तीसाठी' असा एक शब्द जास्त होता, पण तो कुणी वाचला नाही. पत्राची पहिली ओळ वाचूनच मामा शिडी आणायला गेला होता.

ओळंबा आला तेव्हा शाळा नुसती लखलखत होती. व्हरांड्यात सतरा बादल्या आणि सतरा बादल्यांत सतरा फुलझाडं. त्यानं बागेचं कौतुक केलं. चौथीच्या वर्गात एका भिंतीवर जगाचा नकाशा होता, तोही या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं भूगोलाच्या गोडीचं कौतुक केलं. भिंत तपासायला त्यानं ओळंबा सोडला तो नकाशाच्या पट्टीवरून, आणि पट्टी मामानं अगदी सरळ ठोकलेली होती. वरच्या मजल्यावर तो वर्गात शिरला तेव्हा मुलं एकदम उठली नाहीत. आधी विषम क्रमांकाची उठली, मग सम क्रमांकाची, मग शेवटच्या बाकावरची. अशी शिस्त त्यानं जन्मात पाहिली नव्हती. मोठ्या बाई त्याच्या बरोबर चालत होत्या, आणि शाळेच्या फाटकाच्या आत त्या त्याला जावईबापू न म्हणता साहेब म्हणत, म्हणून तोही जरा फुगलेलाच होता.

अकरा गुण पडले तेसुद्धा शाळेची घंटा तडकलेली होती आणि ती लपवायचं राहून गेलं म्हणून.

संध्याकाळी बायकोनं ताट वाढताना सहज विचारलं, आईच्या शाळेला किती दिले. त्यानं सांगितलं, आणि वर आणखी सांगितलं की शाळा म्हणजे आरसा आहे आरसा, गावात तसली इमारत नाही. बायकोनं वाढता हात थांबवला. ती त्याच शाळेत शिकलेली.

"तुम्ही कचेरीतलं कपाट हलवून बघितलंत?" तिनं विचारलं.

नाही, तो म्हणाला. कपाट कशाला हलवायचं?

"चौथीच्या नकाशामागे?"

नकाशामागे भिंत असणार, असं तो म्हणाला.

"भाजीवाल्यानं वर ताजी आणि खाली शिळी भाजी ठेवली तर तुम्हाला दहा पावलांवरून कळतं," बायको म्हणाली. "आणि माझ्या आईनं तुम्हाला अख्खी शाळा वरून दाखवून परत पाठवलं."

मग तिनं ताटाशेजारी बसून त्याला सगळं सांगितलं, आणि तो घास हातात घेऊन ऐकत राहिला. तिच्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसला नाही, हे इथे सांगायला हवं. बायको माहेरचं सांगते तेव्हा थोडं वाढवूनच सांगते, एवढं तो शिकला होता. पण त्या अकरा गुणांखाली सही त्याची होती आणि शाळेत सव्वादोनशे मुलं होती, म्हणून त्याला घास काही गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तो न कळवता शाळेत गेला.

व्हरांड्यातली झाडं जमिनीवर उपटून ठेवलेली होती आणि सतराही बादल्या आपापल्या जागी वर्गावर्गात गेल्या होत्या. सातवीचे मास्तर गणित घालत होते, एक थेंब तीन सेकंदांनी तर बादली किती वेळात भरेल, आणि मुलं उत्तर पाटीवर काढून मग बादलीशी ताडून बघत होती. त्या वर्गाचं गणित सगळ्या तालुक्यात पक्कं होतं. चौथीत नकाशा गुंडाळून ठेवलेला होता, कारण ओला होऊन चालणार नव्हता, आणि त्याच्या मागची भेग अशी होती की पलीकडचा पाचवीचा वर्ग बसल्या जागी दिसत होता. पाचवीच्या मास्तरांनी तिच्यातून हात घालून चौथीच्या बाईंकडे खडू मागितला आणि बाईंनी न बघता दिला. गेल्या वर्षी एक सडपातळ मुलगी पेन्सिल शोधत त्या भेगेतून पाचवीत गेली होती. परीक्षा न देताच गेली. पाचवीत तिचे गुण चांगले पडले म्हणून तिला परत पाठवली नाही.

वरच्या मजल्यावरची शिस्तही त्याला कळली. चाळीस मुलं एकदम उठली तर पायाखालची फळ्यांची तक्तपोशी खाली वाकायची आणि खालच्या वर्गातल्या उंच मुलांच्या डोक्याला लागायची. म्हणून तीन हप्त्यांत उठणं. हजेरीलासुद्धा तिथे मोठ्यानं ओरडायची मनाई होती.

पण हे सगळं एकीकडे आणि कचेरी एकीकडे. तो कचेरीत शिरला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जन्मतारखेचा दाखला मागायला आलेले होते. त्यासाठी जुनं हजेरीपुस्तक काढायला हवं होतं. कपाट उघडं होतं, मागची फळी केव्हाच कुजून गेलेली, आणि आत तळापासून छतापर्यंत साठ वर्षांची हजेरीपुस्तकं कोंबून बसवलेली. चौपन्नाव्या पुस्तकाच्या जागी मामा होता. म्हणजे पुस्तक बाहेर टेबलावर, आणि मामा कपाटात, पाठ मागच्या भिंतीला, पाय कपाटाच्या कडेला रोवलेले, तोंड लालबुंद.

ओळंब्यानं त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं, मागची भिंत बघायची होती.

"साहेब, मी बाजूला झालो तर तिसरीचा वर्ग कचेरीत येईल," मामा म्हणाला.

दाखला लिहून होईपर्यंत मामा तसाच होता. अक्षर चांगलं काढायची मोठ्या बाईंना सवय, त्यामुळे पाऊण तास गेला. मग पुस्तक आत सरकलं, मामा बाहेर सरकला आणि भिंत कुरकुर करत पुस्तकांवर टेकली. ओळंब्यानं कपाटाशेजारी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. लोळा भिंतीपासून हातभर लांब जाऊन लोंबकळायला लागला.

त्यानं मोठ्या बाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हणाला, मी गुण बदलतो, पण समिती मला विचारणार, त्यात मी जावई, तेव्हा तुम्ही स्वतः सभेला या आणि उभ्या राहून हे सगळं सांगा. मोठ्या बाईंनी पदर सारखा केला, टेबलावरची दौत जागेवर ठेवली आणि त्याला समोर बसवलं.

"साहेब, या शाळेची अब्रू मी चाळीस वर्षं झाकली," त्या म्हणाल्या. "आता चारचौघांत उभी राहून तिचे वाभाडे काढू? सभेला येईन. बसेन. पण शाळेविरुद्ध माझ्या तोंडून एक अक्षर निघायचं नाही."

मग खोटं सांगाल का, असं त्यानं चिडून विचारलं. त्यावर त्या खरोखरच दुखावल्या. खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या. पहिल्या तपासणीत एकही खोटा शब्द बोलल्याचं त्यानं दाखवून द्यावं, असं त्यांनी आव्हान दिलं. नकाशामागे काय आहे ते त्यानं विचारलंच कुठे होतं? आणि ते खरं होतं, म्हणून त्याला आणखी राग आला.

असा हा सगळा प्रकार ओळंबा आता समितीपुढे उभा राहून सांगत होता. मागच्या बाकांवर गावातले पंधरावीस लोक होते. शेवटच्या बाकावर मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या, ओठ मिटून, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात.

बादल्यांपर्यंत सभा शांत होती. भेगेतून खडू गेला तेव्हा दोघातिघांनी रुमाल तोंडाला लावले. सडपातळ मुलगी पाचवीत गेली तेव्हा एका सभासदानं ती यंदा सहावीत परीक्षा देऊन गेली की तिथेही भेग आहे, असं विचारलं. तीन हप्त्यांत उठणाऱ्या मुलांवर टेबल वाजवलं गेलं. आणि मामा कपाटात शिरला तेव्हा खुद्द अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले.

हेडक्लार्क तेवढा हसला नाही. तो अतिशय प्रेमळपणे म्हणाला की आजकाल सासूबाईंसाठी एवढं रचणारा जावई कुठे मिळतो, ओळंबेसाहेबांचं कौतुकच करायला हवं, पण तक्त्यात कौतुकाला रकाना नाही. शाळेत तो स्वतः गेल्या वर्षी बक्षीस समारंभाला गेला होता आणि तिथली स्वच्छता बघून थक्क झाला होता. एवढं बोलून त्यानं तक्त्याचा कागद अध्यक्षांपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेनही दिलं. पहिल्या रकान्यात नगरपालिकेचं नाव पेन्सिलीनं आधीच लिहिलेलं होतं, शाईनं गिरवायचं काय ते बाकी होतं.

ओळंबा बघत होता. अध्यक्षांनी पेन उचललं, कागद तिरका केला. सात वर्षं. सात वर्षं मामाची पाठ टिकणार नव्हती. त्यानं खरं खरं सगळं सांगून बघितलं होतं आणि जितकं खरं सांगावं तितकं लोक जास्त हसत होते. मग या माणसानं, ज्यानं बांधकाम खात्यात अठरा वर्षं काढून एकदाही सूतभर खोटी नोंद केली नव्हती, आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायचं ठरवलं. आणि ठरवलंच तर असं, की कुणालाही पटावं.

"आणि जळमटं," तो म्हणाला.

अध्यक्षांचं पेन थांबलं.

ओळंब्याला जोर चढला. त्यानं सांगितलं की शाळेत कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं लोंबताहेत, खिडक्यांवर बोटभर धूळ आहे, जिन्याखाली कचऱ्याचा ढीग आहे आणि वर्षानुवर्षं तिथे कुणी झाडू फिरवलेला नाही.

खोलीतलं हसणं विरलं. सभासद एकमेकांकडे बघून गंभीरपणे माना हलवू लागले. हे पटण्यासारखं होतं. एकजण म्हणाला की हल्ली सगळ्याच शाळांत हेच चाललंय. दुसरा म्हणाला की माणसं कामच करत नाहीत. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला आणि जळमटांबद्दल जरा सविस्तर सांगा म्हणाले. ओळंब्यानं दीर्घ श्वास घेतला आणि मोठाल्या कोळ्यांना हात घालणार, तोच मागे बाक करकरला.

"खोटं आहे हे."

सगळ्यांनी वळून बघितलं. मोठ्या बाई उभ्या होत्या. पर्स खाली पडलेली त्यांना कळली नव्हती.

"जावईबापू, एवढ्या माणसांत उभं राहून खोटं बोलता?" त्या म्हणाल्या. "माझ्या शाळेत जळमट? दाखवा मला एक."

हेडक्लार्कचा चेहरा सकाळी उमललेल्या फुलासारखा झाला. त्यानं हात जोडले आणि सभेला सांगितलं की घ्या, आता खुद्द बाईच म्हणताहेत, सगळं खोटं.

"सगळं कुठे म्हटलं मी?" मोठ्या बाईंनी त्याला वर्गात उभं करावं तसं नजरेनं उभं केलं. "गळतं ते सतरा ठिकाणी गळतं. पण सतराच्या सतरा बादल्या रोज घासलेल्या असतात. भेग आहे, तिच्यातून मूल जातं. पण भेगेच्या कडासुद्धा आम्ही ओल्या फडक्यानं पुसतो. तक्तपोशी वाकते, मान्य. वाकते तेव्हा तिच्यातून धूळ पडते का, ते खालच्या वर्गाला विचारा."

"आणि बाई, ते कपाट?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"भिंत पुस्तकांवर आहे. पुस्तक काढलं की मामावर असते," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि मामा आत जाण्याआधी कपाट झाडून घेतो."

जी बाई स्वतःच्या जावयाला भरसभेत खोटं पाडते, ती बाकीचं रचून सांगेल, हे एकाही सभासदाच्या मनात येईना. अध्यक्षांनी खोडरबर मागितलं, पहिल्या रकान्यातलं पेन्सिलीचं नाव पुसलं, वरची पूड फुंकरीनं उडवली आणि शाईनं शाळेचं नाव लिहिलं. पुढे सत्त्याण्णव. मग कारणाच्या रकान्यात सभेतलं म्हणणं थोडक्यात उतरवून घ्यायला लागले, आणि लिहिता लिहिता पुटपुटत गेले, गळती, भेगा, तक्तपोशी, भिंत, अस्वच्छता.

मोठ्या बाई शेवटच्या बाकापासून टेबलापर्यंत कधी पोचल्या ते कुणाला दिसलं नाही. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे शेवटचं खोटं आहे. आधी ते खोडा."